फौजेतून पेन्शन आल्यावर परदेशात नोकरी : कुठून सुरुवात करावी?

रिकव्हरीवाला

राम राम मंडळी.

मी ईएमईमध्ये (गाड्या-यंत्रं दुरुस्त करणारी फौजेची शाखा) हवालदार आहे, ट्रेड रिकव्हरी मेकॅनिक. वर्षभरात पेन्शन येतोय. वय ३९, शिक्षण दहावी. आर्मीचं ग्रॅज्युएशन सर्टिफिकेट मिळेल. गाव कोरेगाव तालुक्यात. थोरली मुलगी अकरावीला, धाकटा सातवीत, घराचं कर्ज अजून चालू आहे.

आमच्या भागात पेन्शन आलेल्या फौजीला काम काय, तर बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राहायचं, नाहीतर एमआयडीसीत गेटवर. त्या कामाला मी कमी लेखत नाही, माझे दोन मित्र तेच करतात आणि इमानदारीने करतात. पण माझी सगळी सर्व्हिस क्रेन, विंच आणि वायर रोपवर गेली आहे. दरीत गेलेली गाडी वर काढायची तर अँकर कुठे घ्यायचा, स्नॅच ब्लॉक (कप्पी) कुठे लावायचा, दोर कुठल्या बाजूने ताण घेईल, हे मला जागेवर उभं राहिलं की दिसतं. हे काम परदेशात कुणाला लागत नसेल का?

सुट्टीत मुंबईतल्या एका एजंटशी बोलणं झालं. तो म्हणतो, दुबईत सिक्युरिटी सुपरवायझर, महिना २८०० दिरहम, राहणं कंपनीचं. त्याला दीड लाख द्यायचे, त्यातले पन्नास हजार या आठवड्यात. व्हिजिट व्हिसावर जायचं, तिथे गेल्यावर कंपनी व्हिसा बदलून देते असं सांगतो. घरचे म्हणतात घाई करू नको. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

---

दुबईकर_सुभेदार

जय हिंद हवालदार साहेब. मराठा लाइट इन्फंट्रीतून पेन्शन आलो आणि बरीच वर्षं दुबईत सिक्युरिटीतच आहे, म्हणून या विषयावर हक्काने बोलतो.

आधी एक काम करा. तुमच्या मूळ पोस्टमध्ये युनिटचं नाव आणि सध्याचं ठिकाण होतं. मी ॲडमिनना सांगून ते काढायला लावलंय. नोकरीच्या साइटवर बायोडेटा टाकाल तिथेही युनिट, लोकेशन, इक्विपमेंटची नावं लिहू नका. ट्रेड, सर्व्हिस किती, हाताखाली किती माणसं होती, किती टनाची क्रेन चालवली, एवढं पुरे. पेन्शन आलो म्हणून ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट संपत नाही.

आता एजंट. पैसे देऊ नका. एक रुपया देऊ नका. कारणं सांगतो.

यूएईच्या कायद्याप्रमाणे भरतीचा खर्च कंपनीने करायचा असतो, कामगाराकडून घ्यायला बंदी आहे. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे गुन्हा आहे. खरी नोकरी असेल तर निघण्याआधी तिथल्या कामगार मंत्रालयाच्या नमुन्यातलं ऑफर लेटर येतं, त्यावर तुमची सही होते, मग एंट्री परमिट निघतं. ऑफर लेटरवरचा पगार आणि तिथे गेल्यावर करारावरचा पगार एकच असावा लागतो. व्हिजिट व्हिसावर नेणारा एजंट नेमकं हेच टाळत असतो. तिथे उतरल्यावर २८०० चे १८०० झाले तर तुमच्या हातात कागद कुठला? माझ्या रूमवर असाच एक जण आला होता, मराठवाड्यातला, आर्टिलरीचा. चार महिने बिनपगारी बसून होता. व्हिसाची मुदत संपल्यावर दंड वाढत गेला आणि शेवटी आम्ही वर्गणी काढून त्याला घरी पाठवलं. चांगला, कष्टाळू माणूस. त्याची चूक एवढीच की कागद न बघता विश्वास टाकला.

भारतात परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते, १९८३ च्या एमिग्रेशन ॲक्टखाली. 'ई-मायग्रेट' पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे. तिथे त्याचं नाव आणि लायसन्स नंबर बघा. नोंदणीकृत असला तरी त्याला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. दीड लाख मागतो तिथेच तो उघडा पडला.

आणि एक गोष्ट आपल्या लोकांना माहीत नसते. दहावी पास माणसाच्या पासपोर्टला 'एमिग्रेशन चेक' लागत नाही. फायदा वाटतो, पण त्यामुळे प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या ऑफिसमधून आपला करार कुणी तपासतच नाही. म्हणजे तपासायची जबाबदारी आपल्यावर येते.

---

फौजीची_बायको

भाऊ, सुभेदार साहेबांचं पटलं. मी दुसऱ्या बाजूने सांगते.

आमचे हे पेन्शन आल्यावर ओमानला गेले. जायच्या आधी घरात बसून सगळं लिहून काढलं होतं म्हणून निभावलं. परदेशात राहायला गेल्यावर साधं बचत खातं चालत नाही, ते एनआरओ (परदेशात राहणाऱ्याचं खातं) करावं लागतं. पेन्शन त्याच खात्यात येते, म्हणून 'स्पर्श' या पेन्शनच्या पोर्टलवर खात्याची माहिती वेळेत बदला. दरवर्षीचा हयातीचा दाखला भारतीय दूतावासातून देता येतो. तो राहिला तर पेन्शन थांबते, आणि इकडे हप्ता थांबत नाही.

ईसीएचएसचं (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड भारतातल्या पॉलिक्लिनिक आणि हॉस्पिटलांपुरतं आहे. परदेशात त्याचा उपयोग नाही. कंपनीचा मेडिकल विमा काय देतो ते आधी विचारा. तुमचं आणि मुलांचं कार्ड मात्र जायच्या आधी काढून ठेवा. यांच्या मागे सासूबाईंच्या ऑपरेशनला त्या कार्डानेच तारलं.

आणि वहिनींशी नीट बोला. सगळी सर्व्हिस त्यांनी एकटीने घर, शाळा, शेती, आजारपणं बघितलीत. पेन्शन आल्यावर माणूस घरी येणार या एका गोष्टीवर आम्ही इतकी वर्षं काढतो. परत पाठवायचं तर तो निर्णय दोघांचा असावा. किती वर्षांसाठी जाणार हे आधी ठरवा आणि कशासाठी जाणार तेही. "बघू पुढे" म्हणून गेलेला माणूस दहा वर्षं परत येत नाही, हे मी आमच्याच गल्लीत बघितलंय.

---

सागरवाट

नेव्हीतून इंजिन रूम साइडने निवृत्त, आता मर्चंट शिपवर. हा धागा नौदलातले तरुणही वाचतील म्हणून लिहितो.

आमच्याकडचा मार्ग बराच सरळ झालाय. डीजी शिपिंगने (सरकारचं जहाज खातं) नौदलातून येणाऱ्यांना मर्चंट नेव्हीची प्रमाणपत्रं मिळावीत म्हणून योजना केली आहे, समुद्रातल्या सर्व्हिसचा काही भाग धरला जातो. इंडॉस नंबर (खलाशाचा नोंदणी क्रमांक), सीडीसी (खलाशाचं सर्व्हिस बुक), एसटीसीडब्ल्यूचे (आंतरराष्ट्रीय नियमांतले) बेसिक कोर्स हे करावेच लागतात. कंपनी शोधताना आरपीएसएल म्हणजे खलाशी भरतीचं सरकारी लायसन्स असलेल्याच संस्थेकडे जा. खलाशाकडून नोकरी लावायचे पैसे घेणं आंतरराष्ट्रीय कराराने बंद आहे. "जॉइनिंगचे तीन लाख" म्हणणारा दलालच.

जहाजावरच्या सशस्त्र गार्डचं काम बऱ्याच फौजींना खुणावतं, त्याबद्दल सावध करतो. सोमाली चाच्यांचा जोर होता तेव्हा त्या कामाला चांगला पैसा होता. पण ऑक्टोबर २०१३ मध्ये 'सीमन गार्ड ओहायो' नावाचं जहाज तामिळनाडूच्या किनाऱ्याजवळ पकडलं, तुतिकोरिनला आणलं आणि त्यावरच्या ३५ जणांना अटक झाली. ब्रिटिश, एस्टोनियन, युक्रेनियन आणि आपले भारतीयही. बरेच जण माजी सैनिक होते. शस्त्रांच्या कागदपत्रांचा प्रश्न होता. जानेवारी २०१६ मध्ये पाच-पाच वर्षांची शिक्षा झाली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये मद्रास हायकोर्टाच्या मदुराई खंडपीठाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. निर्दोष सुटले खरे, पण मधली वर्षं कुणी परत दिली? शस्त्र कुणाच्या नावावर, कुठल्या देशाचं लायसन्स, कुठल्या बंदरात ते उतरवणार, हे लेखी कळल्याशिवाय असल्या जहाजावर पाय ठेवू नये.

---

अग्निवीर_सांगली

सगळ्या साहेबांना जय हिंद. मी अग्निवीरांच्या पहिल्या बॅचचा आहे. चार वर्षांनी कायम ठेवतात त्या २५ टक्क्यांत नंबर लागला तर उत्तमच. नाही लागला तर सेवा निधीचे साधारण पावणेबारा लाख मिळतील, पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा पण नाही. वय चोवीसच्या आत असेल. मित्र म्हणतात फ्रेंच फॉरेन लीजनमध्ये (फ्रान्सच्या सैन्यातली परदेशी लोकांची तुकडी) जा. दुसरा एक जण रशियात "हेल्पर"चं काम आहे, लढायचं नाही, दोन लाख पगार, असं सांगत होता. यातलं खरं काय?

---

दुबईकर_सुभेदार

बाळा, रशियाचं नावही काढू नको. २०२३-२४ मध्ये आपली कितीतरी पोरं अशीच हेल्परच्या, सिक्युरिटीच्या नावाखाली नेली आणि युक्रेनच्या आघाडीवर उभी केली. काही परत आली नाहीत. मार्च २०२४ मध्ये सीबीआयने त्या एजंटांच्या टोळीवर गुन्हा नोंदवला. परराष्ट्र मंत्रालयाने वारंवार सांगितलंय की असल्या ऑफर घेऊ नका. ज्याने तुला हे सांगितलं त्याचा नंबर पोलिसांना दे.

लीजनबद्दल : भरती फक्त फ्रान्समध्येच होते, स्वतःच्या खर्चाने जाऊन दारात उभं राहावं लागतं, पहिला करार पाच वर्षांचा. फी नसते. इथे बसून "लीजनची सीट" विकणारा प्रत्येक जण फसवतोय. आणि दुसऱ्या देशाच्या सैन्यासाठी भारतात भरती करण्यावर १८७४ पासून कायदा आहे, सरकार ती रोखू शकतं. चोवीस वर्षांच्या पोराने एवढ्या लवकर दुसऱ्याच्या झेंड्याखाली जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. तुझ्या हातात पैसा आणि वय दोन्ही असेल. आयटीआय कर, डिप्लोमा कर.

---

स्टुटगार्टहून

अग्निवीर भाऊसाठी. मी फौजी नाही, इथे एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, मूळचा इचलकरंजीचा. तुझ्या वयाला जर्मनीचा विचार जरूर कर, पण क्रम नीट ठेव.

जून २०२४ पासून इथे 'चान्सनकार्टे' सुरू झालंय. नोकरी शोधायला वर्षभर येता येतं. अट अशी की मूळ देशात सरकारमान्य असं किमान दोन वर्षांचं व्यवसाय प्रशिक्षण हवं किंवा पदवी हवी, आणि भाषेची पातळी जर्मन किमान ए-१ (प्राथमिक) किंवा इंग्रजी बी-२ (चांगली). वर गुणांचा हिशोब असतो आणि राहण्याखाण्याचे पैसे बँकेत दाखवावे लागतात. फौजेतल्या ट्रेडचा दाखला एकटा इथे चालत नाही. दोन वर्षांचा आयटीआय असेल तर दार उघडतं. प्रत्यक्षात कारखान्यात टिकायला बी-१ जर्मन लागतं, कारण फोरमन इंग्रजीत बोलत नाही. महाराष्ट्र सरकारने आमच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल कामगारांचा करार केलाय, त्याची चर्चा गावोगावी आहे. पण भाषा नसलेल्या माणसाला करार असून नसून सारखाच.

ट्रक ड्रायव्हर व्हायला निघालेल्यांनी लक्षात घ्या : भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतं. पुढे इथली परीक्षा.

---

निळा_गणवेश

एअर फोर्समधून टेक्निशियन म्हणून निवृत्त. थोडक्यात : लढाऊ विमानावर वीस वर्षं काढली तरी सिव्हिलमध्ये विमान उडायला ठीक आहे अशी सही करायचा अधिकार एएमई (विमान देखभाल इंजिनिअर) लायसन्सशिवाय मिळत नाही. परीक्षेची मॉड्यूल्स सर्व्हिसमध्ये असतानाच द्यायला लागा आणि नागरी विमानांवरचा अनुभव नंतर वेगळा जोडावाच लागतो, युरोपचं लायसन्स असो की आपलं डीजीसीएचं. मेडिकल असिस्टंट बंधूंनाही तेच. गल्फमध्ये नर्स म्हणून लागायचं तर नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते, फौजेतला अनुभव कितीही मोठा असो.

---

रिकव्हरीवाला

एजंटला आज नकार कळवला. ई-मायग्रेटवर त्याचं नाव नव्हतं. तो म्हणाला "तुमचीच सीट दुसऱ्याला जाईल". जाऊ दे.

सुभेदार साहेब, सगळ्यांचं वाचून एक कळलं की सर्टिफिकेट पाहिजे. पण माझ्या ट्रेडला बाहेर म्हणतात काय? क्रेन ऑपरेटर का रिगर? ग्रॅज्युएशन सर्टिफिकेट दाखवून सुपरवायझर म्हणून जाता येईल का?

---

रास_तनुरा_रिगिंग

हवालदार साहेब, तुमची वाट बघत असल्यासारखा हा धागा वाचत होतो. मी इंजिनिअर्समधून पेन्शन आलो, आता सौदीत तेलाच्या प्रोजेक्टवर रिगिंग सुपरवायझर आहे. तुमच्या ट्रेडला इथे खरोखर किंमत आहे. सिक्युरिटीच्या मागे लागून तुम्ही हातातलं काम सोडताय, ते करू नका.

ग्रॅज्युएशन सर्टिफिकेटचं आधी सांगतो. भारतात सरकारी ग्रुप सी नोकरीला ते पदवीसारखं धरतात. परदेशात ते पदवी नाही. बायोडेटात पदवी म्हणून लिहू नका, पडताळणीत अडकतं आणि चांगला माणूस खोटा ठरतो.

आता काम. इथे मोठ्या साइटवर क्रेनच्या खाली रिगर असतो. भार किती, स्लिंग कुठली, कोन किती, शॅकल कुठला, हे तो ठरवतो आणि हाताने सिग्नल देतो. सौदीच्या तेल कंपनीच्या प्रोजेक्टवर रिगरच्या तीन पायऱ्या आहेत. लेव्हल तीन सगळ्यात खालची, लेव्हल एक सगळ्यात वरची. लेव्हल एकवाला मोठ्या, अवघड लिफ्टचा आराखडा बघतो. प्रत्येक पायरीला लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा, आणि कार्ड मान्यताप्राप्त थर्ड पार्टीकडून. कार्ड नाही तर गेटच्या आत काम नाही. मग तुम्ही सियाचीनमधून गाडी काढली असली तरी.

परीक्षेत काय विचारतात ते सांगतो म्हणजे तुम्हाला धीर येईल. पाच टनाचा भार दोन स्लिंगने उचलायचाय, स्लिंग आडव्याशी साठ अंशात आहेत, प्रत्येकीवर ताण किती? आडव्याशी तीस अंशात आल्या तर किती? उत्तर : साठला साधारण २.९ टन, तीसला सरळ पाच टन. स्लिंग जितकी आडवी, तितका ताण जास्त. हे तुम्ही दरीच्या काठावर अंदाजाने रोज केलंय. आता तेच कागदावर, इंग्रजीत, लोड चार्ट वाचून करायचं. वायर रोप कधी बाद करायचा, किती तारा तुटल्या की, पक्ष्याच्या पिंजऱ्यासारखा फुगला की, चेपला की, हे तर तुम्ही मला शिकवाल.

म्हणून माझं सांगणं : अजून वर्ष हातात आहे ते वापरा. डीजीआरचे (सैनिकांच्या पुनर्वसनाचं सरकारी खातं) रिसेटलमेंट कोर्स डिस्चार्जच्या आधीच करायचे असतात, जवानांचा खर्च सरकार करतं. हेड क्लार्कच्या मागे लागून इंडस्ट्रियल सेफ्टीचा कोर्स मागा, क्रेन-रिगिंगच्या जवळचा मिळाला तर अजून छान. त्यात हयगय केली तर पेन्शन आल्यावर तेच स्वतःच्या फंडातून करावं लागतं. जमलं तर नेबोश या ब्रिटिश सेफ्टी संस्थेचा इंटरनॅशनल जनरल सर्टिफिकेट कोर्स, पण त्याला इंग्रजी लिहिता यायला हवं, म्हणून आजपासून रोज अर्धा तास इंग्रजी. आर्मीचं लायसन्स आरटीओत जाऊन सिव्हिल करून घ्या. पासपोर्टला युनिटचा कागद लागतो, तो अर्ज आत्ताच टाका.

डिस्चार्ज बुक जपून ठेवा. त्यात कॅरेक्टर 'एक्झेम्प्लरी' (सर्वोत्तम शेरा) असेल तर इथले एचआरवाले ते आवर्जून बघतात. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवेतून मिळतं. दाखल्यांवर परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का कुठल्या प्रकारचा लागणार ते देशावर आहे : सौदी आणि ओमानला अपॉस्टिल (दूतावासात न जाता मिळणारा शिक्का) चालतं, यूएई आणि कतारला त्यांच्या दूतावासाचं अटेस्टेशन. काही ट्रेडना सौदीच्या व्हिसाआधी भारतातच स्किल व्हेरिफिकेशनची परीक्षा द्यावी लागते, तुमच्या व्हिसावर कुठला ट्रेड लिहिला जातो त्यावर ते ठरतं. म्हणून व्हिसावरचा ट्रेड आणि प्रत्यक्ष काम एकच आहे याची खात्री करा. "लेबर"च्या व्हिसावर रिगरचं काम करू नका. अपघात झाला तर विमा हात वर करतो.

---

निळा_गणवेश

एक मोठा मुद्दा राहिला. परदेशी सैन्याशी संबंधित कंपनीत ट्रेनर किंवा सल्लागार म्हणून जाणाऱ्यांनी कतारचं प्रकरण विसरू नये. आपल्या नौदलाचे आठ माजी लोक दोहात एका खाजगी कंपनीत होते. ऑगस्ट २०२२ मध्ये अटक, ऑक्टोबर २०२३ मध्ये फाशीची शिक्षा, डिसेंबरमध्ये ती कमी झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुटका. आरोप काय होते ते कुणीच जाहीर केलं नाही. सरकारने शर्थ केली म्हणून त्यातले सात जण तेव्हा घरी आले. कंपनीचं शेवटचं गिऱ्हाईक कोण, एखाद्या देशाचं संरक्षण खातं आहे का, हे विचारायचंच. गेल्या गेल्या दूतावासात नाव नोंदवा. तक्रारीसाठी 'मदद' पोर्टल आहे, घरच्यांना त्याची माहिती देऊन ठेवा.

---

फौजीची_बायको

रिगिंगवाल्या दादांनी इतकं खोलात लिहिलं, मनापासून आभार. आमच्या ह्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. भाऊ, जायचं ठरलं तर प्रवासी भारतीय विमा पण काढा. दहा लाखांचं संरक्षण आहे आणि हप्ता दोन वर्षांचा २७५, तीन वर्षांचा ३७५ रुपये. बिनचेकच्या पासपोर्टवाल्यांना स्वतःहून मागावा लागतो.

---

रिकव्हरीवाला

सगळ्यांचे आभार. काल हेड क्लार्क साहेबांना भेटलो. डीजीआरच्या पुढच्या यादीसाठी सेफ्टीच्या कोर्सचा अर्ज दिलाय, पासपोर्टचा कागद पण टायपिंगला गेलाय. मंडळीशी फोनवर बोललो. ती म्हणाली तीन वर्षं, मुलीचं इंजिनिअरिंग निम्मं होईपर्यंत, त्याच्या वर एक दिवस नाही. मला मान्य आहे.

रास तनुरावाले दादा, स्लिंगचं गणित सोडवून बघितलं. पंचेचाळीस अंशाला साडेतीन टनाच्या आसपास येतं. बरोबर आहे का? आणि लोड चार्ट इंग्रजीत वाचायची सवय करायला कुठल्या क्रेनचा घेऊ?

---

रास_तनुरा_रिगिंग

बरोबर, ३.५४. पन्नास टनी मोबाइल क्रेनचा कुठलाही चार्ट घ्या. आधी रेडियस आणि बूमची लांबी हे दोनच रकाने बघा, आउटरिगर (क्रेनचे आधाराचे पाय) पूर्ण बाहेर आहेत का अर्धे ते तपासा, मग भाराचा आकडा. हुक ब्लॉकचं आणि स्लिंगचं वजन त्यातून वजा करायचं विसरू नका, परीक्षेत निम्मी पोरं तिथेच पडतात. दहा उदाहरणं सोडवून इथेच टाका, मी तपासून देतो.